पत्र फायलीला लावलं आहे

भोईवाड्याच्या धर्मादाय क्षय-दवाखान्यात नलू धैर्यवान नऊ वर्षं हेल्थ व्हिजिटर होती. सकाळी केसपेपर लावायचे, डॉक्टर येण्याआधी रोग्यांची वजनं घ्यायची आणि दुपारी खांद्याला पिशवी अडकवून चाळींतून फिरायचं, हे तिचं काम. औषध कोण घेतं, कोण मोरीत ओततं, कोणाचा खोकला बदललाय, कोण अजून मुलाला कुशीत घेऊन झोपतं, हे तिला दारातूनच कळायचं. राहायची ती गिरगावात, ठाकूरद्वारापाशी, वडिलांबरोबर. पाठारे प्रभूंचं जुनं घराणं. आजोबांच्या वेळची श्रीमंती आता दोन खोल्या आणि एक मोठं घड्याळ एवढ्यावर आली होती. नलूला पस्तिसावं लागलं होतं. लग्नाचा विषय घरात कोणी काढत नसे, आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. माणसं तिला नलूबाई म्हणत. मालवणाकडच्या बायका नुसतं बाय म्हणत.

शांता घाडी तिच्याकडे आली ती पंचावन्नच्या उन्हाळ्यात. सव्वीस वर्षांची, गिरणीच्या वायंडिंग खात्यात कामाला, लालबागला नवऱ्याबरोबर एका खोलीत राहणारी. खोलीत दीर-जाऊ धरून सात माणसं. डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी निघाली होती. अडीच वर्षांची मुलगी होती, सुभद्रा. तिला त्याच दिवशी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे नेऊन ठेवलं. शांता दारात बसून लांबूनच लेकीला पाही, आणि पोर जवळ यायला लागली की तोंडाला पदर लावून आत जाई. हे तिला दोनदा सांगावं लागलं नाही. नलूच्या यादीतली ती सर्वांत आज्ञाधारक रोगी होती.

डॉक्टर शरदचंद्र वेलकरांनी तिला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू केली. रोज सकाळी एक. दीड महिना बरं चाललं. मग एकदा नलू चाळीत गेली तेव्हा शांता नळावरून घागर घेऊन येत होती, आणि एका हाताने भिंत धरून चालत होती.

"चक्कर येते का गं?" नलूने विचारलं.

"चक्कर नाय, बाय. जमीन हलता. आणि कानात रातकिडे वरडतत. दिवसापण."

"कधीपासून?"

"झाले आठ दिवस. म्हटलं, औषधानच होत आसतला."

नलूने तिला दुसऱ्या दिवशी तशीच डॉक्टरांपुढे उभी केली. वेलकरांनी तिला डोळे मिटायला लावलं आणि खिशातलं घड्याळ तिच्या कानापाशी धरून हळूहळू लांब नेलं. उजवीकडे हातभर अंतरावर तिला टिकटिक ऐकू येईनाशी झाली, डावीकडे त्याच्याही आत. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं, केसपेपर पुढे ओढला आणि लाल शाईने आडवं लिहिलं की या रोग्याला स्ट्रेप्टोमायसिन पुन्हा देऊ नये.

"वेळेवर आणलीस," ते नलूला म्हणाले. "हे औषध कानाची नस मारतं. आणखी थोडं गेलं असतं तर संपलंच होतं. मेलेली नस परत येत नाही."

इंजेक्शनं थांबली. महिन्याभरात रातकिडे गेले, भिंत धरणंही सुटलं. पण उरलेल्या गोळ्या-पुड्यांनी पोकळी काही भरेना. तिला खाटेची गरज होती. कॉटन ग्रीनला गोदामांच्या पलीकडे एका ट्रस्टचं क्षयाचं इस्पितळ होतं, तिथल्या यादीत नाव घालून सहा महिने झाले होते.

सोळा जानेवारीला, सोमवारी सकाळी, इस्पितळाचं कार्ड आलं. मंगळवारी बाराच्या आत रोग्याने हजर व्हावं, न आल्यास खाट यादीतल्या पुढच्या माणसाला देण्यात येईल.

नलू दुपारी लालबागला गेली. शांताचा नवरा कुशाबा पहिल्या पाळीवरून येऊन नुकताच चहा पीत होता. कार्ड वाचून दाखवल्यावर तो कप तसाच हातात धरून राहिला. शांताने विचारलं, "सुभीक भेटाक देतले?"

"पंधरवड्यातून एका रविवारी माणसं भेटायला येऊ देतात. पोरांना नाही. पण तू बरी होऊन येशील ना, मग घे की तिला मांडीवर."

मग नलू ट्रंकेवर बसली आणि तिने शांताला नीट समजावलं. तिथे इथल्यासारखं नाही. तिथे एका डॉक्टरकडे साठ-सत्तर खाटा असतात. गेल्या वर्षी तिच्याच यादीतली रखमा म्हणून एक बाई तिथे गेली होती, आणि हे औषध नको, ते सोसत नाही, असं रोज म्हणायला लागली, तेव्हा रोगी सहकार्य करत नाही असा शेरा मारून तिला तीन आठवड्यांत घरी पाठवलं होतं. श्रावणात ती गेली.

"म्हणून सांगते, तिथे उलट बोलायचं नाही. जे देतील ते घ्यायचं. तुझं सगळं मी चिठ्ठीत लिहून देते. काय दिलं, काय सोसलं नाही, सगळं. डॉक्टर डॉक्टरचं वाचतात. तू काही सांगायला जाऊ नकोस."

"नाय बोलाचंय," शांता म्हणाली.

कुशाबाने सकाळी आठला दवाखान्यातून चिठ्ठी घ्यायची आणि मग शांताला घेऊन इस्पितळात जायचं, असं ठरलं.

परत येऊन नलूने पत्र लिहिलं. दोन पानं भरली. स्ट्रेप्टोमायसिनचा मजकूर तिने पहिल्याच परिच्छेदात घेतला आणि त्याखाली पट्टीने रेघ मारली. आता फक्त वेलकरांची सही हवी होती. सहीशिवाय तिच्या पत्राला तिथे कोणी पत्र म्हणणार नव्हतं. ते रोज संध्याकाळी सहाला येत. त्या दिवशी सात वाजले तरी आले नाहीत. दादरला त्यांच्या घरासमोर गर्दी जमली होती, कारण रेडिओवर मुंबईचा निकाल सांगितला जाणार होता. नलूने पत्र त्यांच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली ठेवलं. सकाळी साडेसातला येऊन त्यांच्या घरी माणूस पाठवू, असा तिचा विचार होता.

रात्री काय झालं ते साऱ्या मुंबईला माहीत आहे. मुंबई केंद्राकडे, महाराष्ट्राला नाही, हे ऐकून माणसं रस्त्यावर आली. मंगळवारी सकाळी नलू साडेसहालाच खाली उतरली तर ठाकूरद्वाराच्या नाक्यावर रस्ताभर दगड पडले होते, ट्रामच्या रुळांवर पेटवलेली पिंपं आडवी टाकली होती, आणि पोलीस गल्लीच्या तोंडाशी ओळ धरून उभे होते. ती दोनदा निघाली, दोनदा मागे फिरली. तिसऱ्या वेळी गोळ्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ माणसं तिच्याच अंगावर पळत आली. वडिलांनी तिचा दंड धरून तिला वर नेलं.

"भाऊ, माझा एक रोगी आहे," ती म्हणाली.

"आज कोणाचा कोण नाही?" भाऊ म्हणाले. दाराची कडी लावून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

कुशाबा त्या सकाळी आठ वाजल्यापासून दवाखान्याच्या बंद दारासमोर उभा होता, हे तिला नंतर कळलं. साडेनऊला त्याने नाद सोडला. घरी जाऊन शांताला घेतलं आणि गल्लीबोळांतून, जिथे पोलीस दिसतील तिथून मागे वळत, चालत तिला कॉटन ग्रीनला नेलं. एरवी अर्ध्या तासाची वाट; त्या दिवशी पावणेदोन तास लागले. वाटेत तिला तीनदा बसवावं लागलं. बाराला दहा मिनिटं असताना ती दोघं फाटकात पोचली. जवळ होतं ते एवढं कार्ड. दारावरच्या कारकुनाने विचारलं, पूर्वीचे कागद कुठेत? कुशाबा म्हणाला, मागाहून येतील. कारकुनाने नोंदवहीत काहीतरी लिहिलं आणि शांताला आत घेतलं.

सहा दिवस नलू घरात कोंडलेली होती. सोमवारी तेवीस तारखेला ती दवाखान्यात पोचली तेव्हा पत्र काचेच्या वजनाखाली जसंच्या तसं होतं. वेलकर आले ते दुपारी. गालांवर दाढी वाढलेली, शर्टाच्या बाहीवर दुसऱ्या कोणाचं तरी वाळलेलं रक्त. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या दवाखान्यात गोळ्या लागलेली माणसं तपासली होती. त्यांनी न वाचता सही केली.

"मी हातोहात देऊन येते," नलू म्हणाली.

"आणि इथे कोण बसेल? आठवड्याचे रोगी बाहेर उभे आहेत. पोस्टाने पाठव. सरळ सुपरिंटेंडेंटच्या नावाने."

बाहेर खरोखरच साठ-सत्तर माणसं होती. तिने पत्र पोस्टाने पाठवलं. तारीख, रोग्याचं नाव, नवऱ्याचं नाव, भरती झाल्याचा दिवस, सगळं पाकिटावरही लिहिलं. आठ दिवसांनी तिने दवाखान्याच्या फोनवरून इस्पितळाच्या कचेरीत चौकशी केली. तिथल्या कारकुनाने थोडा वेळ थांबायला लावलं. मग म्हणाला, "घाडी, शांता. होय. पत्र मिळालं. फायलीला लावलं आहे."

नलूने फोन ठेवला आणि शांताच्या केसपेपरवर तशी नोंद केली. तिला हलकं वाटलं. त्या महिन्यात एक तरी गोष्ट नीट झाली होती.

पाच फेब्रुवारीच्या रविवारी कुशाबा भेटून आला. सोमवारी दवाखान्यात येऊन त्याने सांगितलं, वजन दोन रत्तल वाढलंय, ताप गेलाय, खोकलाही उतरलाय. एकोणीस तारखेच्या भेटीनंतरही तो खुशीत होता. आणखी तीन रत्तल. "पण बोलणा कमी झाला तिचा," तो म्हणाला. "नुसती हसता."

"पडून राहून होतं तसं," नलू म्हणाली.

चार मार्चच्या रविवारनंतर मात्र तो दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत उभा न राहता थेट तिच्या टेबलाशी आला. टोपी हातात होती.

"विचारलंय एक, सांगता दुसराच. मी म्हटलंय, सुभी चालाक लागली जिन्यावरसून. ती म्हणता, होय, भात बरो आसता. बाजूची बाय म्हणाली, हिका ऐकाक येत नाय. बाय, तुम्ही येवन बघा."

नलूने टेबल तसंच टाकलं. वेलकरांना सांगायलाही ती थांबली नाही.

इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डाला लांबलचक व्हरांडा होता. पलीकडे कापसाच्या गोदामांची छपरं दिसत. शांता व्हरांड्यातल्या खाटेवर पाठमोरी बसून केस विंचरत होती. अंग भरलं होतं. मानेची हाडं दिसत नव्हती. नलूने दारातून हाक मारली. तीन खाटांवरच्या बायकांनी वळून पाहिलं. शांताने पाहिलं नाही. नलू अगदी मागे जाऊन उभी राहिली, पुन्हा हाक मारली, आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. शांता दचकली. फणी खाली पडली.

"बाय," ती म्हणाली, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाली की परिचारिका टेबलावरून उठून उभी राहिली. शांताला ते कळलं नाही. तिने नलूचा हात धरून तिला खाटेवर बसवलं आणि त्याच मोठ्या, सपाट आवाजात बोलत राहिली.

पहिल्या दिवसापासून रोज सुई होती. चार-पाच आठवड्यांनी रातकिडे आले, मग जमीन हलायला लागली. एकदा तिने सिस्टरला सांगितलं, कानात आवाज येतो. सिस्टर म्हणाली, अशक्तपणा आहे, आणि कानात तेलाचे थेंब सोडले. मग एक दिवस रातकिडेही थांबले. तिला वाटलं, बरं झालं. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं की बाजूची बाई खोकते आहे आणि त्या खोकल्याला आवाज नाही.

"सुई हीच, माका म्हायत होता," शांता म्हणाली. "वास वळखलंय. पण तुम्ही म्हणालात ना, बोला नको म्हणान. चिठ्ठीत सगळा लिवलेला आसा. म्हटलं, चिठ्ठी वाचूनसुद्धा देतत, म्हणजे गरज आसतली. डागतरांक जास्ती कळता." ती थांबली. नलूचे ओठ तिने निरखून पाहिले, जणू तिथून काही मिळेल. "पोचली ना ती चिठ्ठी?"

नलूच्या मनात सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पत्र उशिरा पोचलं. पोचूनही कोणी वाचलं नसावं. मी तुला बोलू नकोस म्हटलं ते चुकलं, त्याचा दोष माझा. पण शांताला ऐकू येत नव्हतं आणि वाचताही येत नव्हतं. नलूजवळ फक्त मान होती, होय म्हणायला किंवा नाही म्हणायला. तिने मान हलवली. होय, पोचली.

"मगे ठीक," शांता म्हणाली. "माका वाटला, तुम्ही इसारल्यात."

रजिस्ट्रार डॉक्टर गुप्ते तिशीच्या आतबाहेरचे होते, डोळे सुजलेले. नलूचं म्हणणं त्यांनी उभ्यानेच ऐकलं आणि शांताचा वॉर्डातला कागद मागवला. वरच्या कोपऱ्यात पूर्वीच्या उपचारांची जागा होती. तिथे कोणीतरी भरतीच्या दिवशी लिहिलं होतं, माहिती नाही.

"आम्ही पत्र पाठवलं होतं. तुमच्या कचेरीने मिळाल्याचं सांगितलंय."

ते तिला घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेले. तिथला कारकून बाबुराव म्हातारा, व्यवस्थित माणूस होता. त्याने दोन मिनिटांत फाइल काढली. नलूचं पत्र त्यात होतं, दोन भोकं पाडून दोऱ्याने ओवलेलं, वर तीस जानेवारीचा शिक्का. पट्टीने मारलेली रेघ तशीच स्पष्ट.

"बाहेरून आलेला कागद फायलीला लागतो," बाबुराव म्हणाला. "वॉर्डात कागद वेगळा. फाइल डॉक्टरांनी मागवली की वर जाते."

"आणि डॉक्टर कधी मागवतात?"

बाबुरावाने गुप्त्यांकडे पाहिलं.

"तीन महिन्यांनी. रोग्याचा आढावा असतो तेव्हा," गुप्ते म्हणाले. त्यांनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि परत एकदा पहिला परिच्छेद वाचला. "मी आजपासून बंद करतो. पण खरं सांगू का, आता बंद करून फक्त पुढचं थांबेल. गेलेलं ऐकणं यायचं नाही." मग ते म्हणाले, "एका शब्दाने तिने सांगितलं असतं तर मी थांबवलं असतं. रोगी दिवसभर नको-नको म्हणतात, ते वेगळं. पण पूर्वी दिलं होतं, कान गेले होते, एवढं म्हणाली असती तर."

"मी तिला बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं," नलू म्हणाली.

गुप्त्यांनी फाइल बाबुरावाला परत दिली. खोलीच्या दारापर्यंत जाऊन ते थांबले. "तिच्या थुंकीत आता जंतू सापडत नाहीत," ते म्हणाले. "पोकळी मिटत चालली आहे. इंजेक्शनांनीच ते झालंय, हेही तुम्हाला माहीत असावं." त्यांना बहुधा तिचं समाधान करायचं होतं.

वेलकरांनी इस्पितळाच्या सुपरिंटेंडेंटना पत्र लिहिलं. सभ्य, दीड पानांचं. एप्रिलच्या मध्यावर उत्तर आलं की आपलं जानेवारीचं पत्र यथाकाल मिळालं असून नियमाप्रमाणे फायलीला लावण्यात आलं होतं. वेलकरांनी ते नलूच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसले. "त्या संध्याकाळी येऊन मी सही केली असती तर," ते म्हणाले, आणि पुढचे रोगी आत बोलवायला सांगितले. ते त्या गोष्टीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. नलूलाही त्यांच्याकडून आणखी काही नको होतं.

तिने एक कार्ड आखलं. हाताएवढं, जाड पुठ्ठ्याचं. एका बाजूला औषधं आणि तारखा, दुसऱ्या बाजूला काय चालत नाही ते मोठ्या अक्षरांत. हे कार्ड रोग्याच्याच गळ्यात असावं, म्हणजे तो जाईल तिथे ते जाईल, असं तिचं म्हणणं. दवाखान्याच्या कमिटीपुढे तिने ते ठेवलं. पाच जण होते. एकाने विचारलं, रोगी कार्ड हरवतील, भिजवतील, त्याचं काय? दुसरा म्हणाला, क्षयरोगी म्हणून गळ्यात पाटी बांधून कोण हिंडेल? तिसरे गृहस्थ त्याच दिवशी सत्याग्रहातून सुटून आले होते, हार अजून बाजूच्या खुर्चीवर होता. ते प्रेमाने म्हणाले, "नलूबाई, कल्पना चांगली आहे. एकदा मुंबई मिळू द्या, मग हे सगळं आपल्या हातात येईल. तेव्हा बघू." विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीत तो कामकाजात नव्हता.

मग तिने निदान एक गोष्ट बदलली. खाट मिळालेल्या प्रत्येक रोग्याला ती बजावून सांगू लागली, की तुला काय सोसत नाही ते तू स्वतः सांग, ओरडून सांग, रागावले तरी सांग. एप्रिलअखेर राधाबाई नावाची एक म्हातारी त्याच इस्पितळात गेली. पुड्यांनी तिच्या पोटात आग पडे. ती ते सांगत राहिली, नलूने सांगितल्याप्रमाणे, सकाळ-संध्याकाळ. पंधराव्या दिवशी ती दवाखान्याच्या दारात उभी होती, हातात बोचकं आणि एक कागद. उपचार नाकारते. नलूने कागद वाचला आणि तिला बाकावर बसवून पाणी दिलं.

शांताला मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरी सोडलं. नलू गेली तेव्हा सुभद्रा आईच्या मांडीवर होती. पोर मान वर करकरून सारखी काहीतरी सांगत होती, आणि शांता प्रत्येक वेळी तिच्या केसांवरून हात फिरवत होती. मग पोरीने आईच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि तेच पुन्हा सांगितलं. काय सांगतेय ते जावेने खुणेने दाखवलं. पाणी हवं होतं.

वायंडिंग खात्यात तिला पुन्हा घेणार नव्हते. चालताना तोल जायचा. दिवे नसले की दोन पावलंही टाकता येत नसत. सात माणसांच्या खोलीत आता दीर पुन्हा लग्नाचं पाहत होता, पहिलीला मूल नव्हतं म्हणून. कुशाबा म्हणाला, पावसाळ्यासाठी बोट बंद व्हायच्या आत तिला आणि पोरीला गावी आईकडे नेऊन ठेवतो. नलूने विरोध केला. अजून किमान वर्षभर गोळ्या-पुड्या लागतील, नाहीतर रोग उलटेल. गावात कोण देईल?

"तालुक्याक दवाखानो आसा," कुशाबा म्हणाला. "तुम्ही चिठ्ठी देवा."

तिने चिठ्ठी लिहिली. वेलकरांनी समोर बसून वाचली, दोन शब्द दुरुस्त केले आणि सही केली. तिने एक इंग्रजीत आणि एक मराठीत केली, कारण तिथे कंपाउंडरच सगळं पाहतो असं तिने ऐकलं होतं. कुशाबाला तिने ती दोनदा वाचून दाखवली आणि त्याच्याकडून वदवून घेतली. वीस मेला भाऊच्या धक्क्यावर तिने स्वतः जाऊन चिठ्ठ्या मेणकापडात गुंडाळून शांताच्या ट्रंकेत, साड्यांच्या वर ठेवल्या. शांता फळीवरून बोटीत चढताना मध्येच थांबली. पाण्याकडे पाहिलं की तिचा तोल जाई. कुशाबाने पुढून आणि एका खलाशाने मागून धरून तिला पलीकडे नेलं. सुभद्रा कुशाबाच्या कडेवर होती. बोटीवरून शांता मोठ्याने काहीतरी म्हणाली, पण त्याच वेळी भोंगा झाला आणि नलूला ते ऐकू आलं नाही.

जुलैत कुशाबाने गावाहून आलेलं कार्ड आणून दाखवलं. त्याच्या भावकीतल्या कोणी मास्तराने लिहिलेलं होतं. सर्व मंडळी खुशाल. पेरणी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात चिठ्ठी पोचती केली, तिथल्या माणसाने ती वाचली व फार उत्तम लिहिली आहे असं म्हटलं. परंतु सदर औषध मार्चपासून आलेलं नाही व केव्हा येईल ते सांगता येत नाही. सौभाग्यवती शांता हिला थोडा खोकला आहे, पावसामुळे असेल.

नलूने कार्ड दोनदा वाचलं. तिने दवाखान्याच्या कपाटातून तीन महिन्यांच्या पुड्या काढून पार्सल करायचं ठरवलं, तर वेलकर म्हणाले, आपल्याकडेच पंधरा दिवसांपुरत्या उरल्या आहेत, बाहेर पाहा. बाहेर चव्वेचाळीस माणसं होती. तिने जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनला एक पत्र लिहिलं, मग आणखी एक. कुठूनच उत्तर आलं नाही.

ऑगस्टमध्ये वर्षाची यादी करताना नियमाप्रमाणे शांताचा केसपेपर चालू रोग्यांतून काढावा लागला. क्षेत्राबाहेर गेलेल्यांचं एक वेगळं फडताळ होतं. नलूने वेलकरांची लाल अक्षरं एकदा पाहिली, गावचं कार्ड मागच्या बाजूला टाचलं, आणि केसपेपर त्या फडताळात ठेवला. मागे एक बाई केव्हाची वजनकाट्यावर उभी होती, चपला काढू की नको असं विचारत.

"काढा," नलू म्हणाली.